लिंबाचा पीएच ९.९ नसतो : 'रक्त अल्कलाइन करा' या मेसेजला मुद्देसूद उत्तर

हा मेसेज मरत नाही. २०२० मध्ये त्याला कोरोनाची शेपटी होती. ती गळली आणि तिच्या जागी कॅन्सर, मधुमेह, सांधेदुखी आली. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल (अभिनंदन!) त्यांच्यासाठी सारांश असा : चुकीच्या खाण्याने आपलं रक्त 'ॲसिडिक' होतं. ॲसिडिक शरीरातच रोग वाढतात, अल्कलाइन शरीरात कॅन्सरसुद्धा जगत नाही, आणि हे शोधणाऱ्या ओटो वॉरबर्ग यांना नोबेल मिळालं. आपलं शरीर ॲसिडिक आहे का, हे सकाळच्या लघवीत पट्टी बुडवून कळतं. वेळीच सावध झालं नाही तर रक्त सांभाळायला हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडतं. उपाय : लिंबूपाणी, खायचा सोडा, अल्कलाइन पाणी. खाली पदार्थांच्या पीएचची यादी.

यादीपासूनच सुरुवात करतो, कारण ती लगेच उरकते.

'लिंबू ९.९, अननस १२.७, लसूण १३.२, ॲव्होकॅडो १५.६, डँडेलियन २२.७'

पीएचची नेहमीची पट्टी ० ते १४. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली (अल्कलाइन). मोजले जातात ते हायड्रोजन आयन : ते जितके जास्त, तितका पीएच कमी. २२.७ हा आकडा त्या पट्टीवर कुठे बसवायचा हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लसणाचा पीएच खरोखर १३ असता तर ठेच्याचा पहिला घास घेणाऱ्याची जीभ भाजून निघाली असती. तुंबलेली मोरी साफ करायच्या कॉस्टिक सोड्याचं द्रावण त्या आकड्याच्या आसपास असतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच असतो. अननसही आम्लधर्मीच.

कोरोनाच्या काळात या यादीबरोबर १९९१ च्या एका शोधनिबंधाचा दाखला फिरत होता. तो निबंध खरा आहे. पण तो उंदरांना होणाऱ्या कोरोना विषाणूबद्दल आणि पेशी एकमेकींत विलीन होण्याबद्दल होता. अननसाचा त्यात संबंध नव्हता.

'चुकीच्या आहाराने रक्त ॲसिडिक होतं'

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा मेसेज याच खुंटीला टांगलेला आहे.

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. म्हणजे रक्त आधीच किंचित अल्कलाइन आहे, कुणी काही न करता. आणि तो पट्टा किती अरुंद आहे बघा : ७.४ पीएचला एका लिटर रक्तद्रवात साधारण ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात (मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक; मिलीमोल त्याचा हजारावा भाग, नॅनोमोल अब्जावा). त्याच लिटरात सोडियम असतं त्याच्या ३५ लाख पट. इतक्या क्षुल्लक प्रमाणात असलेली ही गोष्ट शरीर इतक्या काटेकोरपणे सांभाळतं, कारण प्रथिनांचा आकार, एन्झाइमांचं काम, हृदयाचे ठोके, हे सगळं तिच्यावर अवलंबून असतं. पीएच ७ च्या खाली किंवा ७.७ च्या वर गेला तर जीव धोक्यात येतो.

आता आम्ल येतं कुठून? मेसेज म्हणतो ताटातून. खरा मोठा स्रोत आपलं जगणं हाच आहे. पेशी अन्न जाळतात, कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं. दिवसाला १३ ते १५ हजार मिलीमोल, वजनात अर्ध्या किलोहून जास्त. तुम्ही काकडी खाऊन राहा नाहीतर मटण खाऊन, हा आकडा साधारण तेवढाच. त्याच्या तुलनेत ताटातून येणारं पक्कं आम्ल, म्हणजे श्वासावाटे उडून न जाणारं, दर किलो वजनामागे जेमतेम १ मिलीमोल. साठ किलोच्या माणसाला साठ. ते मुख्यतः प्रथिनांतल्या गंधकापासून तयार होतं. ही प्रथिनं मासे-अंड्यांत असतात, तशी भाकरीत आणि डाळीतही असतात, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी उगीच कॉलर ताठ करू नये.

पंधरा हजार आणि साठ. मेसेज साठाबद्दल घाबरवतो आणि पंधरा हजारांबद्दल अवाक्षर काढत नाही.

हे पंधरा हजार जातात कुठे? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन पेशींना देताना त्या बदल्यात हायड्रोजन आयन उचलतं, म्हणून परतीच्या रक्ताचा पीएच किंचितच उतरतो. फुप्फुसांत उलटी देवघेव होते आणि वायू उच्छ्वासातून बाहेर पडतो. श्वास किती जोरात घ्यायचा हे मेंदूचा तळभाग ठरवतो, तिथल्या पेशींना कार्बन डायऑक्साइडचा चढउतार कळतो म्हणून. मानेतल्या धमन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्याही रक्ताची चव घेत बसलेल्या असतात. तिथून श्वासाचं नियंत्रण कसं चालतं हे दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने जीव गुदमरतो, तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून.

चारशे मीटर जीव तोडून धावलेल्या खेळाडूच्या रक्ताचा पीएच ७.१ च्या आसपास उतरू शकतो. रुग्णालयात असा आकडा आला तर धावपळ होईल. पण तो धावपटू धापा टाकतो, यकृत आणि हृदय लॅक्टेट (राबणाऱ्या स्नायूंत साखरेपासून तयार झालेलं द्रव्य) वापरून टाकतात, आणि तासाभरात सगळं मूळ जागी येतं. त्याच्या धापांना कुणी रोग म्हणत नाही.

पचनातही हेच. जेवण आलं की जठराच्या भिंतीतल्या पेशी आम्ल आत सोडतात आणि तेवढंच बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारं अल्कलाइन द्रव्य, मागच्या बाजूने रक्तात ढकलतात. म्हणजे पोटात ॲसिड वाढत असताना जठरातून निघालेलं रक्त जास्त अल्कलाइन झालेलं असतं. ज्याला आपण ॲसिडिटी म्हणतो आणि गोळी घेतो, तिचा रक्ताच्या पीएचशी असा उलटा संबंध आहे. पुढे ते आम्ल लहान आतड्यात उतरलं की आतड्याची भिंत सिक्रेटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, ते स्वादुपिंडाला गाठतं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेट ओततं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये १९०२ साली हे शोधलं; माणसाला सापडलेलं ते पहिलं संप्रेरक. जठराने रक्ताला दिलेलं स्वादुपिंड परत घेतं आणि जमाखर्च जुळतो. उलट्या किंवा जुलाब झाले की हाच जमाखर्च बिघडतो : सतत उलट्यांत आम्ल गेल्याने रक्त अल्कलाइन होतं, जुलाबांत बायकार्बोनेट गेल्याने आम्लधर्मी. ओआरएसच्या पुडीत मीठ-साखरेबरोबर सायट्रेट असतं ते यासाठी.

'सकाळची लघवी ॲसिडिक आली म्हणजे शरीर ॲसिडिक'

कचऱ्याची गाडी भरून गेली म्हणून घर घाण आहे, असं म्हणण्यातला हा प्रकार.

लघवीचा पीएच साडेचार ते आठ असा कुठेही असू शकतो आणि असायलाच हवा. ताटातून आलेलं ते साठ मिलीमोल आम्ल बाहेर टाकणं हे मूत्रपिंडांचं काम. रात्रभर आपण जेवलेलो नसतो, श्वासही संथ असतो, म्हणून सकाळची लघवी बहुतेकांची आम्लधर्मीच असते. पट्टी पिवळी पडली की मूत्रपिंडं कामावर हजर आहेत एवढंच समजायचं.

या पट्टीमागची कथा मात्र मेसेजपेक्षा कितीतरी रंजक आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आले. सशाची लघवी एरवी गढूळ आणि अल्कलाइन. या सशांची स्वच्छ आणि आम्लधर्मी, मांसाहारी प्राण्यांसारखी. बर्नार यांनी ताडलं की ससे उपाशी आहेत आणि स्वतःच्याच मांसावर जगताहेत. त्यांना गवत घातलं, लघवी पुन्हा गढूळ. उपाशी ठेवलं, पुन्हा स्वच्छ. मग शिजवलेलं मांस चारून पाहिलं, लघवी आम्लधर्मीच राहिली. आहाराने लघवी बदलते, हे तेव्हापासून माहीत आहे. पण याच बर्नार यांनी पुढे मांडलं की बाहेर काहीही बदललं तरी शरीराच्या आतलं द्रव-वातावरण स्थिर राहतं, आणि त्या स्थिरतेवरच प्राण्याचं स्वतंत्र जगणं उभं आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात त्याच विचाराला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मेसेजवाल्यांनी बर्नारच्या सशांची लघवी उचलली आणि बाकीचा बर्नार टाकून दिला.

एकच आकडा धरून बसल्याने जाणते डॉक्टरही कसे फसतात, याचं उदाहरण १९५२ च्या कोपनहेगनमध्ये आहे. पोलिओची भीषण साथ. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेली मुलं येत होती आणि सुरुवातीच्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले. तपासणीत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, जो बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो, खूप वाढलेला दिसे. डॉक्टरांचा निष्कर्ष : रक्त कुठल्यातरी गूढ कारणाने अल्कलाइन होतंय. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, उलट आहे. मुलांचा श्वास पुरत नाही, वायू आत साचतोय, रक्त आम्लधर्मी झालंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. प्रयोगशाळेचे प्रमुख पोल आस्ट्रुप यांनी पीएच प्रत्यक्ष मोजून इब्सेनचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजचे अतिदक्षता विभाग तिथूनच आले.

पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट असे तीन आकडे एकत्र वाचल्याशिवाय आम्ल-अल्कलीबद्दल काही बोलता येत नाही. रुग्णालयात 'एबीजी' म्हणून मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात ते त्यासाठी. लघवीच्या पट्टीत यातलं काहीच नसतं.

'रक्त सांभाळायला हाडं झिजतात'

या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे. हाडांत कार्बोनेटचा साठा असतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊन वर्षानुवर्षं रक्तात आम्ल साचलं, तर शरीर तो साठा खरोखर वापरतं. प्रथिनं जास्त खाल्ली की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं हेही खरं. पण त्यातलं बरंच हाडांतून आलेलं नसतं. प्रथिनांमुळे आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं, आणि जास्तीचं बाहेर पडतं. २००९ आणि २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आहारातल्या आम्लाने निरोगी माणसाची हाडं ठिसूळ होतात याला आधार मिळाला नाही. याचा दुष्परिणाम असा की असले मेसेज वाचून म्हातारी माणसं डाळ, दूध, अंडी कमी करतात. त्या वयात हाडांना आणि स्नायूंना प्रथिनंच तर हवी असतात.

'वॉरबर्गना यासाठी नोबेल मिळालं'

नाही. १९३१ चं नोबेल त्यांना पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमचं स्वरूप आणि काम उलगडल्याबद्दल मिळालं. कॅन्सरवरचं त्यांचं काम वेगळं आणि तेही मोलाचं आहे : गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून लॅक्टेट करतात, हे त्यांनी दाखवलं. श्वसन बिघडणं हेच कॅन्सरचं मूळ, असं ते शेवटपर्यंत मानत. आज जनुकांतले बदल हे मूळ मानलं जातं. पण आहारातून शरीर अल्कलाइन करा आणि कॅन्सर मरेल, हे त्यांच्या निरीक्षणातून निघतच नाही.

गाठीभोवतीची जागा आम्लधर्मी असते, खरंय. ती गाठ स्वतः आम्ल ओकते म्हणून. कारण आणि परिणाम यांची इथे अदलाबदल झाली आहे. आणि कॅन्सरच्या पेशी अल्कलाइनमध्ये जगत नाहीत म्हणावं, तर जगभरच्या प्रयोगशाळांत त्या ७.४ च्या आसपासच्या द्रवातच वाढवतात. १९५१ मध्ये एका रुग्णाच्या कॅन्सरच्या गाठीतून घेऊन वाढवलेल्या हेला पेशी अजून मजेत आहेत. २०१६ मध्ये अल्कलाइन आहार-पाणी आणि कॅन्सर यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला, तेव्हा निकषांत बसणारा एकच अभ्यास हाती लागला. तो मूत्राशयाच्या कॅन्सरचा होता, आणि त्यात लघवीच्या पीएचचा कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

या मताचा सर्वांत गाजलेला प्रचारक अमेरिकेतला रॉबर्ट यंग. रुग्णांच्या शिरेतून खायचा सोडा देण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात तो परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला तुरुंगवास झाला, आणि २०१८ मध्ये उपचार टाळायला लावलेल्या एका कॅन्सर रुग्णाच्या दाव्यात ज्यूरीने १० कोटी ५० लाख डॉलर भरपाई ठरवली. मेसेजमध्ये वॉरबर्ग येतो, यंग येत नाही.

'उपाय : लिंबूपाणी, सोडा, अल्कलाइन पाणी'

लिंबूपाणी चांगलं आहे, प्या. 'बाहेर आंबट, शरीरात अल्कलाइन' या म्हणण्यात थोडं तथ्यही आहे : सायट्रेटचे क्षार यकृतात जळले की बायकार्बोनेट उरतं. पण लिंबातला बराचसा भाग निव्वळ सायट्रिक आम्ल, ते जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, शिल्लक शून्य. लिंबाचा खरा उपयोग काही प्रकारच्या मुतखड्यांत आहे, कारण लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. दिवसभर घोट घोट पीत बसलात तर दातांचं मात्र नुकसान. साडेपाचच्या खाली पीएच गेला की दातावरचं कवच विरघळू लागतं.

अल्कलाइन पाण्याचा हिशेब करून बघू. साडेनऊ पीएचच्या एक लिटर शुद्ध पाण्यातली अल्कली मारायला पीएच २ चा जठररस लागतो सुमारे तीन मिलिलिटर. विरघळलेले क्षार धरले तर थोडा जास्त. अर्धा चमचा जठररसाने ज्याचा निकाल लागतो, त्यासाठी लोक लाखाच्या पुढचं यंत्र हप्त्याने घेतात, आणि मग मेहुण्याला विकायचा प्रयत्न करतात.

सोड्याची गोष्ट वेगळी, कारण सोडा खरंच काम करतो. चमचाभर सोड्यात पन्नास-साठ मिलीमोल बायकार्बोनेट असतं. पण मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, त्यात ४,३०० मिलीमोल बायकार्बोनेट असतं, सोड्याच्या भाषेत साडेतीनशे ग्रॅमहून जास्त, आणि ते जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. तुमच्या चमच्याची भर पडली तर तेवढं कमी परत घेतात, बाकी लघवीतून जातं. पट्टी निळी होते, मेसेजवाला खूश होतो, रक्त होतं तिथेच राहतं. राहतं ते सोडियम : त्या एका चमच्यात साधारण सव्वा ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा दोन ग्रॅम आहे. रक्तदाब असलेल्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

आणि सोड्याने रक्त खरोखर अल्कलाइन झालंच, तर पोटॅशियम घसरतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, बोटं आखडतात, हृदयाचा ठेका चुकू शकतो. हे घडून गेलेलं आहे. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये अल्सरवर दूध आणि अल्कलीच्या पुड्यांचा उपचार सुरू केला. १९२३ पर्यंत त्यातून मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णांची नोंद झाली. अल्कलाइन रक्तच हवं असेल तर एव्हरेस्टवर जा : २००७ मध्ये ८,४०० मीटरवर गिर्यारोहकांच्या रक्ताचा सरासरी पीएच ७.५३ भरला होता. विरळ हवेत धापा टाकून कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला, आणि ऑक्सिजन इतका कमी की खाली कुणाचा तसा अहवाल आला असता तर त्याला मरणासन्न समजले असते.

मेसेजमध्ये नसलेली माणसं

ज्यांचा आम्लाचा तोल खरोखर ढळतो ते या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टर बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, रक्त तपासून, मात्रा ठरवून. त्यांच्या बाबतीत आहारातल्या आम्लालाही महत्त्व असतं. पण 'अल्कलाइन' म्हणून सुचवलेलं शहाळं, केळं, फळांचे रस त्यांच्यातल्या अनेकांना पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात, कारण ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडंच थकलेली असतात.

आणि मधुमेही, विशेषतः इन्सुलिनवरचे. इन्सुलिन चुकलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन आम्लं साचतात. मग श्वास खोल आणि जलद होतो, थांबत नाही. आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेला हाच श्वास. सोबत उलट्या, पोटदुखी, प्रचंड तहान, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. फुप्फुसं आम्ल बाहेर टाकायची पराकाष्ठा करत असतात. अशा माणसाला लिंबूपाणी करून देत बसू नका, गाडी काढा आणि रुग्णालय गाठा. त्याला शिरेतून द्रव आणि इन्सुलिन लागतं.